परसों म्हणजे कधी

रसिकाला बाबाने बरोबर नेलं ते दुभाषी म्हणून. गाडीत बसताबसताच त्याने तसं सांगितलं. "त्या नर्सबाई फोनवर काय बोलत होत्या, मला निम्मं कळलं नाही. तू चल. तुला इथलं सगळं येतं."

आता पंधरा वर्षांच्या मुलीला बापाने 'तुला सगळं येतं' म्हटल्यावर तिचे पाय जमिनीला कशाला लागतील? त्यात रसिका नुकतीच दहावीत गेलेली आणि वादविवाद स्पर्धेत तीन शाळांना पाणी पाजून आलेली. आठव्या वर्षी पुण्याहून हैदराबादला आली तेव्हा हीच मुलगी वर्गात तोंड उघडायला घाबरायची. पण नारायणगुड्याची शाळा, शाळेची खचाखच भरलेली रिक्षा आणि बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावरचा मिरची-भजीवाला या तिघांनी मिळून तिला अशी घडवली की ती तेलुगूत भांडायची, दखनीत भाव पाडायची आणि इंग्रजीत बक्षिसं आणायची. राहिली मराठी. ती बोलायला फक्कड, वाचताना मात्र ओळीखाली बोट धरून, ठेचकाळत.

बाबाचं, म्हणजे अरविंदचं, सगळं उलटं. त्याचं ऑफिस माधापूरला, नव्या काचेच्या इमारतींमधलं. तिथे बंगाली, तमिळ, पंजाबी असे सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे. सात वर्षांत या शहराने त्याला बिर्याणी खायला शिकवलं, तेवढंच.

पण ज्या कामाला चालले होते ते आठवलं आणि रसिकाचे पाय खाली आले. आजोबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. आजी गेल्यावर ते पुण्याचं घर बंद करून इथे आले, वर्षभर चांगले होते, मग पोटात दुखायला लागलं. सुया, नळ्या, मोठमोठे फोटो, सगळं झालं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आमच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. त्या दिवसापासून आजोबा घरी भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. दुखणं इतकं, की चादर सारखी करायला आई जवळ गेली तरी ते दात आवळायचे. कुणीतरी बऱ्या न होणाऱ्या रोग्यांची काळजी घेणाऱ्या एका जागेचं नाव सुचवलं. बाबाला ते ऐकूनच राग आला होता. "मरायला ठेवतात तिथे." पण परवाच्या रात्री आजोबा उशी तोंडात धरून कण्हत होते, ते भिंतीपलीकडून सगळ्यांनी ऐकलं. सकाळी बाबाने मुकाट्याने फोन लावला.

आबिड्सच्या मागच्या गल्लीत तो जुना बंगला होता. दारावरच्या पाटीवर तीन भाषांत लांबलचक नाव, पण रिक्षावाल्यापासून सगळे त्याला 'जामवाला बंगला' म्हणत, कारण अंगणात पेरूचं मोठं झाड होतं आणि इथे पेरूला जाम म्हणतात. आत बारा खाटा. फिनेलचा वास येईल म्हणून रसिकाने नाक तयार ठेवलं होतं. आला तो आल्याच्या चहाचा.

डॉक्टर पद्मजा इंग्रजीत बोलल्या, त्यामुळे तिथे दुभाषाचं काम पडलं नाही. त्या म्हणाल्या, "रोग बरा करणं आमच्या हातात नाही. दुखणं आमच्या हातात आहे. झोप, भूक, श्वास, लाज, भीती, यांच्याकडे आम्ही बघतो."

"मॉर्फिन देता म्हणे. सवय लागली तर?" बाबाने विचारलं.

"दुखण्याच्या मापाने दिलं तर ते दुखण्यावरच खर्च होतं. आणि दुखायला लागल्यावर नाही द्यायचं, घड्याळ लावून द्यायचं. दुखणं डोकं वर काढायच्या आत."

बाबाच्या चेहऱ्यावरून काही पटल्याचं दिसेना. मग त्यांना बंगला दाखवायला आल्या नफीसा आपा. फोनवर बोलल्या होत्या त्याच. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात नखं कापायची कात्री, पेन्सिल आणि खडीसाखर. एकेका खाटेपाशी थांबत चालल्या होत्या. जाताजाता बाबाकडे वळून म्हणाल्या, "डरो नक्को साब. परसों एक अम्मा थे इधर, तुम्हारे अब्बा के जैसाइच केस. स्ट्रेचर पे आए. जाते बखत अपने पैरां से चल के घर कू गए."

बाबा थबकला. "परवा? चालत घरी गेल्या?"

"हौ, परवा," आपांनी त्याच्याच शब्दाने दुजोरा दिला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

बाबा रसिकाकडे वळला. "म्हणजे मंगळवारी. मंगळवारी एक बाई इथून चालत घरी गेली. रसिका, ऐकलंस?" आणि तो हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

आता हैदराबादच्या बोलीत 'परसों' म्हणजे काय ते रसिकाला पक्कं ठाऊक होतं. तिची बाकावरची मैत्रीण चौथीतल्या सहलीची गोष्टसुद्धा 'परसों' म्हणून सांगायची. भजीवाला म्हणायचा, परसों मेरी शादी हुई, आणि त्याचा मुलगा शेजारी उभा राहून कांदा चिरत असायचा. इथला परसों म्हणजे मागे केव्हातरी. दोन दिवस, दोन वर्षं, वीस वर्षं, सगळं त्या एका शब्दात मावतं. दुभाष्याला आणलं होतं ते नेमकं या एका शब्दासाठी.

पण तिने बाबाचं हसू पाहिलं. भिंतीकडे तोंड करून पडलेले आजोबा आठवले. आणि ती म्हणाली, "हो बाबा."

घरी गेल्यावर बाबाने आजोबांच्या खाटेशी वाकून पहिलं वाक्य तेच उच्चारलं. "अण्णा, परवाच एक बाई तिथून चालत घरी गेल्या."

आजोबांना बोलवत नव्हतं. त्यांनी डोळ्यांनीच 'चल' म्हटलं.

*

नफीसा आपांची एक सवय रसिकाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली. त्या रोग्याशी उभ्याने बोलत नसत. कितीही घाई असो, आधी स्टूल ओढायचं, बसायचं, रोग्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं, मग तोंड उघडायचं. रसिकाने कारण विचारलं तर म्हणाल्या, "लेटे हुए आदमी से खड़े-खड़े बात करना बेअदबी है बेटा. उनकू लगता, हम जाने की जल्दी में हैं."

आणि प्रत्येक गोष्ट आधी त्यांना विचारायच्या. "साब, बाएँ कू पलटाऊँ?" "साब, मुँह पोंछूँ?" एवढ्या इस्पितळांत फिरून आलेल्या आजोबांना कुणी काही विचारल्याला जमाना झाला होता. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती पापणी हलवली. दुसऱ्या दिवशी झोपले, सलग सहा तास, तोंड उघडं टाकून. तिसऱ्या दिवशी आपांनी अननसाच्या रसाचा बर्फ करून त्याचे चिमुकले तुकडे त्यांच्या जिभेवर ठेवले. सुकलेलं तोंड ओलं झालं आणि त्यातून पहिला शब्द निघाला तो, "आणखी."

"कित्ता दुखरा साब?" असं आपा सकाळ-संध्याकाळ विचारत आणि पेन्सिलीने लिहून ठेवत. आजोबा जन्मभर पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायच्या आधी प्रुफं वाचून चुका काढणारे. चौथ्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं, "स्वल्पविराम."

"वो क्या होता?"

"कॉमा," रसिकाने दुभाषीपणा केला.

आपांच्या हातातली पेन्सिल पडली. "कोमा? ऐसा बोलो नक्को साब, अच्छे बैठे हैं तुम."

आजोबा हसले. हसताना पोट धरावं लागलं, पण हसले. मग रसिकाने कागदावर स्वल्पविराम काढून दाखवला आणि तेव्हापासून आपांच्या वहीत आजोबांच्या नावापुढे आकडे नसत, चिन्हं असत. कमी दुखलं तर स्वल्पविराम, जास्त दुखलं तर उद्गारचिन्ह. "पूर्णविराम कधी?" असं आजोबांनी एकदा विचारलं तेव्हा आपा म्हणाल्या, "वो तुम नको लिखो साब, वो ऊपरवाला लिखता. तुम पैले ये बोलो, पेट साफ हुआ?"

"ही बाई 'नक्को' म्हणते ना," आजोबा रसिकाला कुजबुजले, "तो आपला 'नको'. इथे येऊन एक 'क' जास्तीचा मिळवलाय त्याने. हवामान मानवलं."

दुसऱ्या आठवड्यात मराठी मंडळाचे हिम्मतराव भेटायला आले. कित्येक पिढ्या हैदराबादेत काढलेल्या घरातले वकील, मराठीत मध्येच 'हौ' म्हणणारे. त्यांनी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची प्रुफं आणली होती. "नरहरराव, वाचायचीच असं नाही. नुसती चाळा. हौ?" आजोबांनी पहिलं पान चाळलं आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं, की हिम्मतरावांनी घाईने आपल्याच लेखाची माफी मागितली.

मग रोज शाळा सुटली की रसिका बंगल्यावर. आजोबांचे डोळे थकत, म्हणून ती मोठ्याने वाचायची आणि ते चुका पकडायचे. खरं तर तिच्याच चुका जास्त निघायच्या.

"किं... किंकर्त... व्य..."

"मूढ. किंकर्तव्यमूढ. म्हणजे तू, आत्ता."

"आजोबा, हा शब्द कुणी वापरतं का?"

"ज्याला काय करावं कळत नाही तो वापरतो. बाकीचे बोंबलतात. पुढे वाच."

खुणाही तिला शिकवल्या. काढून टाका, जागा सोडा, जोडून घ्या. तिला सगळ्यांत आवडली ती ठिपक्यांची. चूक म्हणून एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं की नाही, हाच बरोबर होता, तर त्याच्या खाली ठिपके द्यायचे. म्हणजे 'राहू दे'.

तिसऱ्या आठवड्यात आजोबा उशांना टेकून बसून दाढी करत होते. आणि तिथेच घोळ झाला.

*

कारण बाबा रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन हे बघत होता. गाडीची किल्ली हातात, एक पाय दाराकडे, खाटेच्या पायथ्याशी उभा. दाढी केलेले, वाचणारे, टोमणे मारणारे अण्णा बघत होता आणि मनात 'परवा चालत घरी गेलेली बाई' गिरवत होता. एका शुक्रवारी त्याने गाडीत जाहीर केलं, "सोमवारी अण्णांना हलवतोय. आमच्या ऑफिसच्या पुढे नवीन इस्पितळ झालंय, तिथल्या डॉक्टरांशी बोललो. एक औषध आहे म्हणाले, करून बघता येईल, खात्री नाही."

'करून बघता येईल' एवढंच बाबाने ऐकलं होतं. 'खात्री नाही' हे त्याने नुसतं पाठ म्हटलं.

"पण पद्मजा डॉक्टर?"

"त्या म्हणतात उलट्या होतील, ताकद जाईल, आधी अण्णांना विचारा. त्यांना काय विचारायचं? त्यांना माहितीच नाही काय झालंय. आणि कळू द्यायचं नाही आपण. रसिका, एवढ्यात इतके सुधारलेत. ती बाई चालत गेली ना?"

 शनिवारी रसिका धावतच बंगल्यावर गेली. नफीसा आपा अंगणात जामाखाली चादरी वाळत घालत होत्या. चादरीचं दुसरं टोक धरत रसिकाने विचारलं, "आपा, वो अम्मा जो अपने पैरां से घर कू गए, वो कब की बात है?"

"परसों की."

"परसों मतलब कब?"

आपांनी हिशेब केला. "मेरी नवासी गोद में थी. अब्बी पैली जमात में है. छे साल हो गए हुँगे."

"अच्छे हो गए थे?"

आपांनी चादर सोडली आणि रसिकाकडे नीट पाहिलं. मग आधी त्या झाडाच्या पारावर बसल्या, तिलाही बसवलं. तेव्हाच रसिकाला कळायचं ते कळलं.

"बीमारी कहाँ जाती बेटा. दरद गया था. बेटी का निकाह था उनका. डोली में नइ बैठूँगी बोले, मैं चल के घर में जाऊँगी, लोगां देखेंगे. हम उसके वास्ते महिना भर मेहनत करे. गए, चल के. बीस रोज घर में रए. सबकू खिलाए, सबसे मिले. फिर अपने बिस्तर पे गुजर गए, बेटी का हाथ पकड़ के." आपांनी खिशातली खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली. "मैं पच्चीस साल नौकरी की. उस रोज के जैसी खुशी मेरेकू नइ हुई."

रसिकाला त्या ठेंगण्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आत गेली तर आजोबांनी प्रुफं पुढे सरकवली. ती वाचेना. "काय झालं? किंकर्तव्यमूढ?"

मग तिने सगळं सांगितलं. परसों, परवा, मंगळवार, आणि आपण 'हो बाबा' म्हटलं ते. सोमवारचंही.

आजोबा ऐकून घेऊन म्हणाले, "मी पहिल्या आठवड्यातच विचारलं नफीसाबाईंना, कोण ही बाई. सहा वर्षं, निकाह, बीस रोज. सगळं सांगितलं त्यांनी."

"तुम्हाला माहितीय? म्हणजे तुम्हाला तुमचंही..."

"अगं, मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे मजकूर वाचून काढले. माझ्याच पोटातला वाचता येणार नाही? माझ्यासमोर सगळे एकदम गप्प व्हायला लागले ना, तिथेच समजलो."

"मग बाबाला बोलला का नाहीत?"

"मुद्रितशोधक लेखकाचं वाक्य बदलत नाही. समासात प्रश्नचिन्ह काढतो. मी काढलं. 'अरविंदा, परवा म्हणजे नक्की कधी रे?' असं दोनदा विचारलं. तो 'मंगळवारी' म्हणाला, इतका खूश होऊन की मी ठिपके देऊन टाकले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि त्या बोलीला कशाला नावं ठेवायची? आपला परवा तरी कुठे सरळ आहे? मागचाही परवा, पुढचाही परवा. पण सोमवार हा सोमवारच असतो, रसिका. तिथे गेलो तर ही पानं राहतील. बावीस आहेत. उलट्या करत प्रुफं वाचता येत नाहीत."

"तुम्ही सांगा ना बाबाला."

"मी सांगितलं तर तो म्हणेल, अण्णांनी धीर सोडला. आणि दुप्पट जोराने औषधं शोधेल." आजोबांनी चष्मा पुन्हा चढवून तिच्याकडे पाहिलं. "दुभाषी कोण होतं?"

*

वादविवादात तीन शाळांना पाणी पाजणाऱ्या मुलीला बाबासमोर एक वाक्य सुचेना. बाबा न्यायला आला, गाडी निघाली, नारायणगुड्याच्या चौकात अडकली. पुढे बस, मागे बस, शेजारच्या रिक्षात तीन शाळकरी पोरं ऊस खात होती. घर दहा मिनिटांवर होतं, आणि घरी पोचल्यावर आपण बोलणार नाही हे तिला माहीत होतं.

"बाबा, परसों म्हणजे परवा नाही."

"काय?"

"इथे परसों म्हणजे मागे केव्हातरी. ती बाई सहा वर्षांपूर्वी गेली घरी. बरी होऊन नाही. वीस दिवसांनी वारली. मला परसोंचा अर्थ तेव्हाच माहीत होता."

सिग्नल सुटला. मागचे भोंगे वाजायला लागले. बाबाने गाडी पुढे काढून एका वहीपुस्तकांच्या दुकानापाशी उभी केली. इंजिन बंद केलं.

"तू तिथेच होतीस. मी तुला विचारलं."

"हो."

"आणि तू हो म्हणालीस."

"तू हसला होतास, बाबा. किती दिवसांनी."

 तो रागावेल म्हणून ती खांदे आवळून बसली होती. पण त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडला. रसिकाने बापाला रडताना आजवर पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा तो फोनवर तिकिटांचं बघत होता. तिला काय करावं कळेना. शेवटी तिने दप्तरातली पाण्याची बाटली त्याच्या पुढे धरली. त्याने ती घेतली, प्यायला नाही, नुसती धरून बसला.

"अण्णांना माहितीय?" त्याने विचारलं.

"सगळं. बावीस पानं राहिलीत म्हणाले."

बाबाने गाडी वळवली.

बंगल्यावर आजोबा डोळे मिटून पडले होते. बाबा नेहमीसारखा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, हातात किल्ली. मग त्याने किल्ली खिशात घातली. स्टूल ओढलं. बसला. डोळे आजोबांच्या डोळ्यांच्या पातळीला आले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नफीसा आपा कुणाची तरी नखं कापत होत्या, त्यांची कात्री क्षणभर थांबली.

"अण्णा, तुम्हाला काय हवंय?"

आजोबांनी डोळे उघडले. घाई केली नाही. "घरी जायचंय. सूनबाईच्या हातची ताकातली उकड खायचीय, दोन चमचे का होईना. ती पानं पुरी करायचीयत." मग म्हणाले, "आणि अरविंदा, मला फसवायला तू फार कष्ट घेतोस रे. ते आता थांबव. दमला आहेस."

बाबाने त्यांचा हात धरला. सोमवारचं नाव पुन्हा निघालं नाही.

घरी जायचं म्हणजे नुसतं गाडीत घालून न्यायचं नव्हतं. नफीसा आपांनी चार दिवस आई-बाबांची शाळाच घेतली. कुशीवर कसं वळवायचं, पाठीला उशी कुठे, अननसाचा बर्फ कसा, गोळ्यांची वेळ कशी पाळायची, मध्येच दुखणं उसळलं तर जास्तीची गोळी कुठली, आणि कुठल्याही वेळेला फोन करायला लाजायचं नाही. बाबाने या सगळ्याचा ऑफिसात करतात तसा रंगीत तक्ता करून फ्रिजवर लावला. आपांनी तो पाहून मान डोलावली आणि पेन्सिलीने एका कोपऱ्यात लिहायला लावलं: आधी बसा.

पाचव्या दिवशी आपांनाही घेऊन गाडी बरकतपुऱ्याला, घराच्या फाटकात थांबली. बाबाने चाकाची खुर्ची आणवली होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नक्को."

 आपा नुसत्या शेजारी आल्या. एक हात रसिकाच्या खांद्यावर, एक आपांच्या हातात, असे आजोबा फाटकापासून लिफ्टपर्यंत चालत गेले. मध्ये दोनदा थांबले. वॉचमन उठून उभा राहिला. पहिल्या मजल्यावरच्या बाई सज्जात येऊन बघत होत्या. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा रसिकाने पाहिलं, आजोबांच्या कपाळावर घाम होता आणि नफीसा आपांचे डोळे भरलेले होते, आणि दोघंही अशी खूश होती, जणू काहीतरी चोरून आणलंय.

*

आजोबा घरी सतरा दिवस होते. आपा दर दुसऱ्या दिवशी बसने येत, पिशवी कोपऱ्यात ठेवत आणि सगळ्यांत आधी विचारत, "आज कॉमा क्या साब?" बाबाने रजा काढली आणि मोबाईल बंद करून कपाटात टाकला. बापलेक दुपारभर बोलत. पुण्याच्या घराचं, आजीचं, बाबाने सातवीत प्रगतिपुस्तकावर केलेल्या खोट्या सहीचं. "सही चांगली होती," आजोबा म्हणाले, "माझ्या नावातला रकार चुकला होता. म्हणून पकडला गेलास."

ते गेले एका सकाळी दहाच्या सुमाराला. आई त्यांच्या ओठांना बर्फ लावत होती, बाबाचा हात त्यांच्या हातात होता आणि रसिका त्यांच्या पायाशी बसली होती. एक श्वास आला, मग बऱ्याच वेळाने एक आला, आणि मग पुढचा आला नाही. दुखत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या माहितीला धरूनच सगळे उभे राहिले. आपांना फोन गेला, त्या आल्या, आणि खाटेशी स्टूल ओढून बसल्या. तेव्हाही, आधी बसल्या. "साब, चेहरा पोंछूँ?" असं विचारून मगच ओला रुमाल हातात घेतला.

प्रुफं परवाच संपली होती. खरोखरच्या परवा, दोन दिवसांपूर्वी. हिम्मतरावांना द्यायला रसिकाने गठ्ठा बांधला तेव्हा शेवटचं पान पाहिलं. 'कुणाची परवा न करता' असं छापलं होतं. आजोबांनी खोडून समासात 'पर्वा' असं शुद्ध केलं होतं. आणि मग, वाकड्या ओळीत, त्या खोडलेल्या 'परवा'च्या खाली ठिपके दिले होते.

पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि रसिका दर रविवारी जामवाल्या बंगल्यावर जायला लागली. पेन्सिलींना टोक काढायचं, चादरी घड्या करायच्या, आणि कुणी बाहेरगावचं आलं की दुभाषीपणा. एका रविवारी एक माणूस आईला घेऊन आला. सोलापूरचा, नोकरीसाठी नुकताच इथे आलेला, हातात गाडीची किल्ली. नफीसा आपा त्याला सांगत होत्या, "डरो नक्को. परसों एक साब थे इधर, स्ट्रेचर पे आए..."

"परवा?" त्याचा चेहरा उजळला. त्याने रसिकाकडे पाहिलं.

रसिकाने दोन स्टुलं ओढली. एक त्याला दिलं, एकावर आपण बसली.

"परवा नाही, काका," ती म्हणाली. "गेल्या वर्षी, ऑगस्टात. ते माझे आजोबा होते. बरे झाले नाहीत. पण फाटकापासून लिफ्टपर्यंत चालत गेले. कसे गेले ते सांगते."